एक वीत, दोन बोटं

पहाटे ५.४०
कोल्हापूर, मंगळवार पेठ. फेब्रुवारीची थंडी अजून अंगाला लागते. तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवर लोखंडी शिडी जाते. मामा चपला खालीच काढतात. अनवाणी पायांचा आवाज होत नाही. मालक त्यांना मामा म्हणतात, गल्ली मामा म्हणते, म्हणून मीही.

ढाबळीत कबुतरांच्या २० जोड्या आहेत. बहुतेक होमर, चार-पाच लक्के. ११ जोड्या अंड्यांवर. या वेळेला बसलेल्या सगळ्या माद्याच. मामा दिवा लावत नाहीत, मोबाइलची बॅटरी जमिनीकडे धरून चालतात. मादी दचकून उठली तर पायात अडकून अंडं परळाबाहेर जातं.

परळ म्हणजे मातीचं पसरट, खोलगट भांडं. प्रत्येक खणात दोन. एकातली पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की मादी पुन्हा अंडी घालते. तेव्हा दुसरं परळ तयार लागतं. नाहीतर ती पिल्लांच्या अंगाखालीच घालते आणि पिल्लं तुडवून फोडतात. म्हणून २० जोड्यांना ४० परळं.

सकाळी ६.३०
तोंडाला टॉवेल. हातात पत्र्याची पट्टी, कडा घासून धारेवर आणलेली. खणाच्या फळ्या खरवडायच्या, विष्ठा सुपात ओढायची, सूप पोत्यात. धूळ इतकी उडते की मी दारात येऊन उभा राहतो. मामा दर दहा मिनिटांनी खोकतात. या कामाला १४ वर्षं झाली. पगार महिना ७,००० रुपये, सकाळ-संध्याकाळ मिळून. विष्ठेचं पोतं रोपवाटिकेवाला ६० रुपयांना नेतो. ते पैसे मामांचे, असं पहिल्याच वर्षी ठरलंय.

परळाच्या आत पट्टी लावत नाहीत. आत दोन बोटांनी चाचपतात. ओलं लागलं तर बदलायचं, कोरडं असेल तर राहू द्यायचं.

सकाळी ७.३०
ज्वारी, बाजरी, मका, थोडा हरभरा. पाण्याची भांडी घासून भरायची. विटांचा चुरा, शिंपल्यांचा चुरा आणि मीठ एका डब्यात. यात सांगण्यासारखं फार नाही. पंधरा मिनिटांत संपतं.

सकाळी ८.१०
आता मामांचं खरं काम. गच्चीच्या कोपऱ्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या फांद्यांचा भारा आहे. रस्त्यावरची झाडं छाटतात तेव्हा मामा सायकल घेऊन तिथे हजर असतात. फुकटचा माल. पाट्यावर अडकित्ता ठेवून ते काड्या तोडायला बसतात. जाडी काडेपेटीच्या काडीहून थोडी जास्त, लांबी बोटाच्या दीडपट. टोकाला काटा किंवा फाटा असला की ती बाजूला.

याच्याबरोबर तंबाखूच्या काड्या. निपाणी इथून ३५-४० किलोमीटर. वखारीत पान निघाल्यावर ज्या काड्या उरतात, त्यांचं एक पोतं ओळखीचा टेंपोवाला आणून देतो. पोत्याचे १०० आणि टेंपोवाल्याचे २० रुपये. उवा, पिसवा, कबुतरांच्या अंगावर पळणाऱ्या चपट्या माश्या या वासाला लांब राहतात, असं जुने ढाबळवाले सांगतात. मामा निंब आणि तंबाखू निम्मे-निम्मे घेतात. नुसत्या तंबाखूनं त्यांचंच डोकं धरतं.

भाताचा पेंढा ते वापरत नाहीत. ओल धरतो, बुरशी येते. सुतळी आणि दोरे तर ढाबळीत येऊच देत नाहीत. पिल्लाच्या पायाला पीळ बसला तर पाय जातो.

तोडलेल्या काड्या परळात रचायच्या नाहीत. तळाला मूठभर भुसा आणि चार काड्या टाकायच्या. बाकी ढीग खालच्या फरशीवर. एक निळा नर उतरतो. काडी उचलतो, टाकतो. दुसरी उचलतो, चोचीत फिरवून तीही टाकतो. सहावी पसंत पडते. ती घेऊन वर जातो, परळात बसलेल्या मादीच्या पाठीवर चढतो आणि मानेवरून काडी पुढे देतो. ती बसल्या बसल्या काडी अंगाखाली सरकवते. नर पुन्हा खाली. एका खेपेला एकच काडी.

इतकी मेहनत करून जे तयार होतं त्याला घरटं म्हणायला जीव धजत नाही. सुगरण बघितलेल्या माणसाला तर हसूच येईल. यांचे रानातले भाऊबंद कड्याच्या कपारीत राहतात. तिथे सपाट जागा मिळाली की चार काड्यांत भागतं. लाकडी खणात मात्र अंडं गडगडतं, म्हणून परळ.

“आयतं रचून दिलं तर?” मी विचारतो.
“दिलं हुतं. नर आला, समदं उपसून खाली टाकलं, आन् तीच काडी परत वर घिऊन गेला,” मामा म्हणतात. “त्याला काम पायजे, साहेब.”

सकाळी ९.५०
पहिला नर खणाच्या काठावर येऊन घुमतो. मादी उठते, पंख ताणते, तडक पाण्याकडे. नर परळात उतरतो, पंजे आवळून, अंडी पोटाखाली घेतो. अर्ध्या तासात बहुतेक खणांत पाळी बदलते. आता दुपार नरांची.

सकाळी १०.४५
आठ-दहा दिवसांच्या पिल्लांना रिंगा घालायच्या. पुढची तीन बोटं जुळवून रिंग सरकवायची, मागचं बोट शेवटी ओढून बाहेर काढायचं. पिल्लू मोठं झालं की रिंग चढत नाही आणि लहान असलं की गळून पडते.

सातव्या खणात एक पिल्लू पोटावर पडलेलं. दोन्ही पाय बाजूला फाकलेत. या खणात प्लास्टिकचं परळ आहे. मालकांनी गेल्या वर्षी अर्धा डझन मागवली, ९० रुपयांना एक. धुवायला सोपी, फुटत नाहीत. पण तळ गुळगुळीत. काड्या कडेला सरकतात, पिल्लाच्या पायाला पकड मिळत नाही. मामा लोकरीच्या धाग्यानं दोन्ही पाय सैल बांधतात, मध्ये करंगळीएवढं अंतर. पाच-सहा दिवसांत पाय सरळ येतील. धागा रोज बघायचा. पिल्लू मातीच्या परळात जातं, प्लास्टिकचं गच्चीच्या कोपऱ्यात.

मी दोन्ही हातात घेऊन बघतो. मातीचं जड, खरखरीत, ओल पिणारं. आई-बाप काठावर उभे राहिले तरी कलंडत नाही. मला विचाराल तर मातीचं.

दुपारी २.३०
शाहूपुरीची कुंभार गल्ली. मामांच्या सायकलला मागे टोपली. मावशी माठांच्या राशीआड बसल्यात.
“माठाचा हंगाम हाय मामा. परळं कोण करत बसणार?”
“गेल्या म्हैन्यात सांगितलं हुतं की.”
“म्हणून तर केल्यात. पन्नासला एक.”
“चाळीस.”
४५ ला तुटतं. डझनाचे ५४०.

माप ठरलेलं आहे, एक वीत आणि दोन बोटं. लक्क्यांसाठी आणखी दोन बोटं जास्त, त्यांचा पिसारा पुरत नाही. मामा प्रत्येक परळ तळहातावर धरून बोटाच्या पेरानं वाजवतात. खणखणलं तर टोपलीत. बद्द वाजलं तर परत. तीन परत जातात, मावशी न बोलता तीन बदलून देतात.

दुपारी ४.३०
माद्या परत येतात. काही नर लगेच उठतात, एक उठायला तयार नाही. मादी त्याच्या अंगावरच बसते. थोडा वेळ दोघंही परळात, मग नर निमूट निघतो.

दोन ढाबळवाली पोरं काड्यांच्या जुड्या न्यायला येतात. जुडी ३० रुपये. मामा चार विकतात.

संध्याकाळी ६.००
मालक येतात. बॅटरीवर अंडी बघतात. सहाव्या दिवसाच्या जोडीत लाल शिरांचं जाळं दिसतं. दुसऱ्या जोडीतलं एक अंडं नितळ, फुकट. तिसऱ्या खणात नव्या जोडीनं पहिलं अंडं आत्ताच घातलंय. दुसरं परवा दुपारी. तिथून १७-१८ दिवस मोजायचे.

“मामा, परळं किती?”
“बारा आणली. शिडीवर एक तडकलं.”
“मग अकराचेच देतो.”
मामा काही बोलत नाहीत. मालक ५०० ची नोट पुढे करतात, पाच रुपये सुटे उद्या द्या म्हणतात. तडकलेलं परळ मामा भिंतीशी ठेवतात आणि डब्यातला विटांचा चुरा त्यात ओततात.
“चुऱ्याला झालं हे,” ते म्हणतात. “डबा मी घरी नेतो.”