आंब्याची मोठी फोड कोणाला?

बुऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर कानावर असतो. मागावर बहुतेक पुरुष उभे असतात, आणि घरात बसून कांड्या भरतात त्या बायका, पोरी. या दुसऱ्या कामाला 'काम' म्हणायची पद्धत नाही. अशा घरात मूल 'छोटा भीम' बघतं. २००८ साली पोगोवर आलेल्या या मालिकेत संकटाशी लढतो भीम आणि त्याच्यासाठी लाडू आणते चुटकी. घर आणि पडदा एकच गोष्ट सांगत असतील, तर मुलाच्या मनात शंका यायची कुठून?

ती शंका पेरणारी एक मुलगी आपल्याकडे होऊन गेली. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे दशक मुलींसाठी ठरवलं होतं. त्याच काळात युनिसेफने 'मीना' ही कार्टूनमालिका तयार करवली. तिचं चित्र घडवलं मुंबईच्या राम मोहन यांनी. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून हात बसलेला हा चित्रकार. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मीना कशी दिसावी, तिने काय घालावं, हे भारत, बांगलादेश, नेपाळ आणि पाकिस्तानातल्या मुलांना आणि आईबापांना चित्रं दाखवून ठरलं. तिचं नावही असं, की हिंदूच्या घरात चालेल आणि मुसलमानाच्याही. दोन्हींची वस्ती शेजारी-शेजारी असलेल्या बुऱ्हाणपुरात हे मोल वेगळं सांगायला नको.

तिची आंब्याच्या वाटणीची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. मोठी फोड भाऊ राजूला, लहान मीनाला. मीना विचारते, का? राजू जास्त काम करतो म्हणून. मग दोघं एक दिवस कामं बदलतात. राजू घरकामाने पार थकून जातो आणि वाटणी सारखी होते. गोष्ट भाषण देत नाही, राजूच्या हातात झाडू देते. मुलगा बदलतो तो अंगाने केलेल्या कामातून, हे ही गोष्ट रचणाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं.

शेजारच्या महाराष्ट्रात बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली: आईबरोबर भाजी निवडणारे बाबा, डॉक्टर बाई. चित्र बदललं, चांगलंच झालं. पण पान मिटल्यावर मूल घरातल्या बाबांकडेच बघतं. आणि 'मुलगा असून रडतोस?' हे आपण मुलग्यालाही ऐकवत असतोच. चुटकीला लाडवांपाशी अडकवणारा साचा त्यालाही रडू देत नाही.

टीव्ही बंद करायची गरज नाही. मुलाशेजारी बसा. चुटकी लाडू घेऊन आली की विचारा, 'आज भीमाने लाडू वळले आणि चुटकी लढायला गेली, तर पुढे काय होईल?' मुलं गोष्ट लगेच पुढे नेतात. ती सांगून झाली की मेथीची जुडी मुलगा-मुलगी दोघांच्याही पुढ्यात ठेवा, निवडायला.