डावातले वाद : ९
ब्लड मून, अर्बोर्ग आणि नागेशभट्ट

या आठवड्यात मॅजिक या पत्त्यांच्या खेळातले रिप्लेसमेंट इफेक्ट घेऊ असं म्हटलं होतं. ते पुढे ढकलतोय. नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि चार दिवस ते डोक्यातून जाईना.

ते लिहितात : ‘एकाच लेअरमधले, म्हणजे परिणाम लावण्याच्या एकाच पायरीतले, दोन परिणाम भिडले तर ज्याचा टाइमस्टॅम्प नंतरचा, त्याचं चालतं, असं तुम्ही सांगितलंत. टेबलावर ब्लड मून आधीपासून होतं. मी नंतर अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ उतरवलं. दोन्ही लेअर ४ मधली. मग सगळ्या लँड स्वॉम्प व्हायला हव्यात ना? समोरचा ऐकेना.’

समोरचा बरोबर आहे. पण गेल्या हप्त्यात मी जिथे थांबलो तिथून तुमचाच निष्कर्ष निघतो, त्यामुळे उरलेलं सांगणं माझं काम.

ब्लड मून १९९४ च्या ‘द डार्क’ संचातलं. इंग्रजीत त्याचा मजकूर अवघा चार शब्दांचा : बेसिक नसलेली प्रत्येक लँड माउंटन होते. अर्बोर्ग २००७ च्या ‘प्लेनर केऑस’मधलं. ते म्हणतं, प्रत्येक लँड आपला मूळ प्रकार राखून शिवाय स्वॉम्पही होते. पहिलं कार्ड लिहिणाऱ्यासमोर दुसरं असणं शक्यच नव्हतं, मधे तेरा वर्षं आहेत. तरी दोन्ही एका टेबलावर आली की खेळाकडे उत्तर हवंच. मॅजिकवर माझा जीव जडला तो यासाठी.

लँडची क्षमता जाते, असं ब्लड मूनवर कुठेही छापलेलं नाही. निम्मे वाद इथेच पेटतात. ते लिहिलंय नियम ३०५.७ मध्ये. लँडचा प्रकार ‘शिवाय’ न म्हणता बदलून बेसिक प्रकार दिला, की तिच्या मजकुरातून येणाऱ्या सगळ्या क्षमता जातात आणि फक्त नव्या प्रकाराचा माना उरतो. एरवी क्षमता काढून घेण्याचं काम लेअर ६ चं. इथे मात्र ती लेअर ४ मध्येच, प्रकार बदलताक्षणी जाते. आणि अर्बोर्ग स्वतः बेसिक नसलेली लँड आहे. ब्लड मून लागलं की अर्बोर्गचं वाक्यच पुसलं जातं.

आता नियम ६१३.८, खेळाडूंच्या भाषेत डिपेन्डन्सी. एकाच लेअरमधला एक परिणाम लागल्यामुळे दुसऱ्याचं अस्तित्वच बदलत असेल, तर दुसरा पहिल्यावर अवलंबून आहे आणि त्याने थांबायचं. टाइमस्टॅम्प त्यानंतर बघायचा. अर्बोर्ग लागलं तरी ब्लड मूनला काही होत नाही. ब्लड मून लागलं तर अर्बोर्ग राहतच नाही. म्हणून ब्लड मून आधी. अर्बोर्ग तासभर आधी उतरवलं असतं तरी हेच. त्यातून लाल माना निघेल आणि तुमच्या फॉरेस्टमधून फक्त हिरवा.

हे वाचताना मला दर वेळी अठराव्या शतकातली काशी आठवते. तिथे राहिलेले मराठी पंडित नागेशभट्ट काळे यांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात पाणिनीचे नियम एकमेकांवर आदळले तर काय करायचं याचा निवाडा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात तो इंग्रजी भाषांतरासह मुंबईहून प्रसिद्ध केला. तुल्यबळ नियम भिडले तर अष्टाध्यायीत नंतर येणारा घ्यावा, हे पाणिनीने स्वतः सांगितलंय. हा आपला टाइमस्टॅम्पच. फक्त वेळेच्या जागी सूत्राचा क्रम. पण वैयाकरणांनी ‘तुल्यबळ’ या अटीवर बोट ठेवलं. नंतरच्या नियमापेक्षा ‘नित्य’ नियम बलवान, आणि दुसरा लागो वा न लागो, जो लागतोच तो नित्य.

‘लिख्’ला ‘ति’ जोडायचाय. सहाव्या गणाचा ‘अ’ मधे घाला, असं सूत्र ३.१.७७ म्हणतं. ‘लि’चा गुण करून ‘ले’ करा, असं ७.३.८६ म्हणतं. नंतरचं दुसरं. त्याचं ऐकलं तर ‘लेखति’ होईल. पण गुण होवो न होवो, ‘अ’ येणारच. आणि तो ‘अ’ आला की गुणाला मनाई. म्हणजे ‘अ’चा नियम नित्य, तो आधी, आणि रूप ‘लिखति’. शाळेत आपण पाठ केलेलं.

‘अ’च्या जागी ब्लड मून ठेवा आणि गुणाच्या जागी अर्बोर्ग. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. नागेशभट्टांचं पुस्तक उघडंच ठेवून मी नियमपुस्तिका काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचत बसलो.

मग टाइमस्टॅम्प चालतो कुठे? ह्युमिलिटी (१९९७) आणि ओपलेसन्स (१९९९) घ्या. ओपलेसन्स इतर एन्चांटमेंटना क्रीचर करतं आणि त्यांना माना-किमतीइतकी ताकद देतं; फक्त ऑरा वगळून. ह्युमिलिटी सगळ्या क्रीचरच्या क्षमता काढून त्यांना १/१ करतं. लेअर ४ मध्ये ह्युमिलिटी क्रीचर होतं, लेअर ६ मध्ये स्वतःचीच क्षमता घालवतं. पण एकदा लागू झालेला परिणाम पुढच्या लेअरमध्येही चालू राहतो. ७ब मध्ये एक ४/४ म्हणतं, एक १/१. इथे कुणीच कुणाला पुसत नाही, दोघं तुल्यबळ. म्हणून नंतर आलेल्याचं खरं : ओपलेसन्स नंतर आलं तर ह्युमिलिटी ४/४, नाहीतर १/१.

नाशिककरांसाठी आणखी एक. याच टेबलावर ब्लड मूनही ठेवा. तेही आता क्रीचर आहे आणि लेअर ६ मध्ये त्याची क्षमता जाते. मग अर्बोर्ग परत बोलू लागतं का? नाही. ब्लड मूनने आपलं काम लेअर ४ मध्येच उरकलेलं असतं, आणि अर्बोर्गचं वाक्य तिथेच गेलं.

रिप्लेसमेंट इफेक्ट पुढच्या आठवड्यात.