कामटी, खळ आणि कागद : चर्चच्या सजावटीचा काटकसरी हिशेब

ख्रिस्ती उपासनेला स्वतःचे पंचांग आहे आणि चर्चच्या सजावटीचा खर्च आटोक्यात ठेवण्याचे पहिले साधन बाजारात नव्हे, तर या पंचांगात सापडते. कॅथलिक परंपरेत उपासना-वर्षाचा आरंभ नाताळाच्या आधी येणाऱ्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या दिवशी होतो. आगमनकाळाला आणि पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या प्रायश्चित्तकाळाला जांभळा रंग, नाताळ व ईस्टर यांना पांढरा किंवा सोनेरी, झावळ्यांच्या रविवारी आणि पेंटेकॉस्टला तांबडा, तर वर्षाच्या उरलेल्या सामान्य काळाला हिरवा असे रंग ठरलेले आहेत. रोमन मिस्साग्रंथाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आगमनकाळात वेदीभोवतीची फुले बेताची असावीत आणि प्रायश्चित्तकाळात मधला एक आनंदाचा रविवार, महोत्सव व सण सोडले तर वेदी फुलांनी सजवूच नये. शिवाय फुले वेदीच्या पृष्ठभागावर न मांडता तिच्याभोवती ठेवावीत, असेही तेथे म्हटले आहे. हा नियम पाळला की सुमारे सहा आठवडे फुलांचे बिल जवळजवळ शून्यावर येते आणि वाचलेला पैसा ईस्टरच्या रात्रीसाठी हाती राहतो. तरीही वर्षभर दर रविवारी वेदीपुढे सारख्याच भरगच्च कुंड्या मांडणारी चर्चे कमी नाहीत. अशा ठिकाणी खर्च तर होतोच, पण सणाच्या दिवशी डोळ्यांना वेगळे काही दिसतही नाही.

हाताने केलेल्या सजावटीचे दुसरे सूत्र सांगाडा आणि आच्छादन यांच्या विभागणीत आहे. ज्या वस्तूला आकार देण्यासाठी कष्ट पडतात, ती म्हणजे बांबूची चौकट, लोखंडी कडे, लाकडी कमान किंवा कापडी फलक, एकदाच नीट करून वर्षानुवर्षे जपायची, आणि जे पावसाने, दवाने, उन्हाने किंवा मुलांच्या हातांनी खराब होणारच आहे, ते कागद, पाने, पेंढा असे स्वस्त ठेवून दरवर्षी नव्याने चढवायचे. बहुतेक चर्चमध्ये याच्या उलट घडते, कारण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घाईघाईने आणलेला तयार माल जानेवारीत कचऱ्यात जातो आणि पुढच्या वर्षी तोच खर्च नव्याने उभा राहतो.

या सूत्राचे सर्वांत जुने आणि बोलके उदाहरण आगमनकाळाच्या मेणबत्ती-चक्राचे आहे. हँबर्ग शहराजवळ अनाथ व निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ हे घर चालवणारे योहान हिन्रिख विखेर्न यांनी १८३९ साली, नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना रोज मोजता यावे म्हणून, गाडीच्या एका जुन्या चाकावर रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या, असे परंपरा सांगते. आज जगभर दिसणारे चार मेणबत्त्यांचे चक्र त्याचेच सुटसुटीत रूप असून त्यात सामान्यतः तीन जांभळ्या व तिसऱ्या रविवारसाठी एक गुलाबी मेणबत्ती असते. महाराष्ट्रात बैलगाडीचे चाक मिळणे आता अवघड असले, तरी सायकलच्या दुकानात टाकून दिलेली रिंग मिळते. तिच्यावर गोणपाटाची पट्टी गुंडाळली आणि चार ठिकाणी दिवाळीत उरलेल्या पणत्या तारेने घट्ट बांधल्या, की पक्का सांगाडा तयार होतो. वर खोचायची हिरवळ सुरूची असावी, असा कोकणपट्टीतला प्रघात आहे. मात्र किनाऱ्यावरची सुरूची बने बहुधा वनखात्याची असल्यामुळे तेथील फांदी न तोडता खासगी वाडीतली छाटणी मागून आणावी. सुरूची सुकलेली पाती झटकन पेट घेतात, म्हणून ती दर आठवड्याला बदलणे आणि मेणबत्ती पेटती असताना कोणीतरी जवळ थांबणे आवश्यक ठरते.

नाताळाची खरी ओळख मात्र चांदणी आहे, आणि तिच्या बाबतीत मराठी मुलखाला आयता वारसा लाभला आहे. आकाशकंदील करणाऱ्या हातांना कामटी चिरणे, बांधणे आणि पतंगाचा कागद चिकटवणे हे सारे आधीच येते, तर चांदणीच्या आकाराचे कागदी कंदील गोव्यात आणि वसईत नाताळाच्या दिवसांत घरोघरी व चर्चच्या आवारात टांगले जातात. दिवाळी आणि नाताळ यांच्यात साधारण दोन महिन्यांचे अंतर असल्यामुळे कंदिलाचे उरलेले साहित्य हाताशी असते आणि संक्रांतीच्या पतंगांचा कागद बाजारात येऊ लागलेला असतो. जगात अन्यत्रही चांदणी अशीच हातांतून घडली आहे. जर्मनीतील नीस्की येथील मोरेव्हियन पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात ती भूमितीच्या पाठातून जन्मली असे मानले जाते, आणि फिलिपाइन्समध्ये बांबू व कागदाचा ‘पारोल’ हा कंदील नाताळाच्या दिवसांत ठिकठिकाणी दिसतो.

पाच टोकांची फुगीर चांदणी करण्यामागे भूमितीचा एक नेमका नियम आहे आणि तो ठाऊक असला की अंदाजाने बांधलेली वाकडी चांदणी टळते. एक मीटर लांबीच्या दहा सरळ, सारख्या जाडीच्या कामट्या घ्याव्यात आणि प्रत्येकीवर एका टोकापासून ३८ व ६२ सेंटिमीटरवर खूण करावी, कारण पंचकोनी तारकेत प्रत्येक रेषा इतर दोन रेषांना याच प्रमाणात छेदते. मग पाच कामट्या खुणेवर खूण ठेवून, एक वर एक खाली अशा विणीने मांडल्या की एक तारका उभी राहते, आणि उरलेल्या पाचांची दुसरी. दोन्ही तारका एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकांशी सुतळीने आवळून बांधायच्या आणि त्यानंतर आतल्या पाच छेदबिंदूंवर वीस-वीस सेंटिमीटरच्या आडव्या दांड्या पुढच्या व मागच्या तारकेच्या मधे अडकवायच्या. या दांड्यांमुळे कामट्या बाहेरच्या बाजूस वाकतात आणि त्या ताणानेच सारा सांगाडा ताठ होतो, म्हणून दांड्या शेवटी घालण्याचा क्रम बदलू नये. जुना, वाळका बांबू या टप्प्यावर मोडतो, तेव्हा कामट्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घालाव्यात.

आच्छादनाला एकंदर बावीस तुकडे लागतात. पुढे व मागे प्रत्येकी पाच त्रिकोणी पाकळ्या आणि एक पंचकोन, तर बाजूंना दहा अरुंद त्रिकोण असे ते असतात, आणि पाकळीच्या दोन भुजा ३८, पाया साधारण २४ सेंटिमीटर, बाजूच्या त्रिकोणाच्या दोन भुजा ३८ व पाया २० सेंटिमीटर धरून दुमडण्यासाठी कडेने दीड सेंटिमीटर कागद जास्त ठेवावा लागतो. पुठ्ठ्याचे तीन साचे एकदा कापून ठेवले की रविवारच्या शाळेतली मुलेही कागद बिनचूक कापतात. चिकटवायला महागड्या गोंदाची गरज नसते. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवला की होणारी खळ कागदाला अधिक सारखी धरते आणि सुकल्यावर कागद तंग बसतो. खळीला कीड लागू नये म्हणून जुने कारागीर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात, परंतु मोरचूद विषारी असल्याने मुले काम करत असतील तेथे ते टाळलेलेच बरे. मागचा एक त्रिकोण तीनपैकी एकाच बाजूने चिकटवून ठेवला तर दिव्यासाठी झाकण मिळते. दिवा मात्र एलईडीचाच असावा, कारण तारेच्या जुन्या बल्बच्या उष्णतेने कागद करपतो. डिसेंबरचे दव हा कागदी चांदणीचा खरा शत्रू आहे. भिजलेल्या पतंगाच्या कागदाचा रंग ओघळतो आणि खळ सुटते, तेव्हा मोकळ्या अंगणातल्या चांदणीला पातळ सुती कापडाचे आच्छादन शिवावे आणि कागदी चांदणी वळचणीखाली टांगावी. पुठ्ठ्यावर चकाकी चिकटवलेल्या तयार चांदण्यांपेक्षा आतून उजळणारी कागदी चांदणी रात्री कितीतरी सुंदर दिसते, हे दोन्ही शेजारी टांगून कोणीही पाहावे.

गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, परंपरा मुळातच साधेपणाची आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो गावी गवताची गव्हाण, बैल आणि गाढव यांसह तो देखावा उभा केला, आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याच गावी गोठ्यावरील आपल्या पत्रावर स्वाक्षरी केली. महाराष्ट्र आणि गोव्यात आता गोठ्यांच्या स्पर्धा होतात, आणि स्पर्धा आली की धबधबे, मोटारीवर फिरणाऱ्या बाहुल्या व रोषणाई यांच्या भरात गव्हाण शोधावी लागते. कमी खर्चाच्या गोठ्याला मात्र कोकणातला गुरांचा गोठाच नमुना म्हणून पुरेसा आहे. चार बांबू, झापाची किंवा पेंढ्याची उतरती शाकारणी आणि शेणाने सारवलेली जमीन एवढ्यातच तो खरा वाटू लागतो, शिवाय पाहणाऱ्याला तो परका वाटत नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून भारतीय वेशातली मरिया रंगवणारे गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी हाच विचार कुंचल्याने मांडला होता.

डोंगरांसाठी जुनी वर्तमानपत्रे चुरगळून रचावीत आणि त्यांवर मातीच्या पातळ काल्यात बुडवलेले गोणपाट टाकून वाळू द्यावे. सुकल्यावर गोणपाट कडक होते आणि आतला कागद काढून घेतला तरी आकार टिकतो, त्यामुळे हाच डोंगर पुढच्या वर्षीही कामी येतो. शेतासाठी गोव्यात नाताळाच्या आठवडा-दीड आठवडा आधी नाचणी पेरून तिचे कोवळे हिरवे अंकुर गोठ्यापुढे मांडतात, आणि नवरात्रात घट बसवणाऱ्या मराठी घराला ही कृती वेगळी शिकवावी लागत नाही. पूर्वी डोंगर, कमानी आणि देवदूतांचे पंख सर्रास थर्माकोलचे असत, परंतु महाराष्ट्र सरकारने २०१८ साली लागू केलेल्या बंदीत सजावटीच्या थर्माकोलचाही समावेश असल्याने त्या सवयीचा प्रश्न निकाली निघाला आहे. मूर्ती मात्र स्वस्तातल्या घेऊ नयेत. त्या सांगाड्याच्याच वर्गात मोडतात आणि शाडूच्या चांगल्या मूर्ती कापसात गुंडाळून ठेवल्या तर कित्येक वर्षे टिकतात.

फुलांच्या रचनेत पैसा फुलांपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या हिरव्या स्पंजावर अनेकदा अकारण जातो. तो प्लास्टिकचाच प्रकार असून एकदा भोके पडली की निरुपयोगी होतो. वसईसारख्या केळीच्या बागांच्या प्रदेशात त्याला उत्तम पर्याय फुकट मिळतो, कारण केळीचे झाड एकदाच घड देते आणि घड उतरवल्यावर त्याचा खांब तोडावाच लागतो. या खांबाचा वीतभर तुकडा कापून आडवा ठेवला आणि फुलांचे देठ तिरपे कापून त्यात खोचले तर खांबातल्या पाण्यावर झेंडू, शेवंती व ॲस्टर एक-दोन दिवस सहज ताजे राहतात. केळीचा चीक कापडाला लागला की डाग जन्मभर जात नाही, म्हणून वेदीच्या कापडाजवळ खांब ठेवताना खाली पितळी ताट हवेच. मागची भरगच्च हिरवळ अशोकाच्या पानांची आणि सुपारीच्या झावळ्यांची केली तर निम्म्या फुलांतही रचना भरलेली दिसते.

फलकांबाबत एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. मांजरपाटाच्या पडद्यावर टाचणीने लावता येतील अशी जाड कापडाची किंवा पुठ्ठ्याची सुटी अक्षरे एकदा कापून ठेवली, तर त्याच अक्षरांतून नाताळ, ईस्टर, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार आणि लग्न अशा सर्व प्रसंगांचे मजकूर जुळवता येतात. छापील फ्लेक्सवर मात्र वर्ष टाकले जाते आणि त्या एका आकड्यामुळे सबंध फलक पुढच्या वर्षी रद्द होतो.

झावळ्यांच्या रविवारी सजावट आणि उपासना यांत भेदच उरत नाही, कारण येशूच्या यरुशलेम-प्रवेशाच्या स्मरणार्थ लोकांच्या हातात दिल्या जाणाऱ्या झावळ्या हीच त्या दिवसाची शोभा असते. नारळाच्या कोवळ्या पात्यांना घड्या घालून केलेले छोटे क्रूस वयस्कर स्त्रिया बोलता बोलता डझनावारी वळतात, तेव्हा धर्मग्रामातील तरुणांनी आदल्या दिवशी त्यांच्याजवळ बसून ही घडी शिकून घेतली तर बाहेरून काहीच आणावे लागत नाही. आशीर्वादित झावळ्या फेकत नाहीत. त्या जपून ठेवून पुढच्या वर्षी जाळतात आणि तीच राख राखेच्या बुधवारी कपाळी लावली जाते.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये रंगांचे आणि फुलांचे नियम इतके बांधीव नसले, तरी त्यांच्या अनेक ठिकाणच्या हंगामाच्या सणाने, ज्याला बोलताना सगळे ‘हार्वेस्ट’ म्हणतात, खर्चाचा प्रश्न सर्वांत चतुराईने सोडवला आहे. त्या दिवशी वेदीपुढची सजावट म्हणजे घरोघरून आलेले धान्य, ऊस, भोपळे, पालेभाजीच्या जुड्या, नारळ, अंडी आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा असतो. मांडणी करणाऱ्याने जड भोपळे व केळीचे घड मागे, धान्याच्या राशी मधे आणि रंगीत भाज्या पुढे ठेवून उसाच्या दोन कांड्यांची कमान उभी केली की कागदाचे एक फूलही लागत नाही. उपासना संपल्यावर याच वस्तूंचा चर्चच्या अंगणात लिलाव होतो आणि हौसेपोटी साध्या भोपळ्यालाही बाजारभावाच्या कित्येक पट बोली लागते, त्यामुळे वर्षभरातली ही एकमेव सजावट खजिनदाराच्या वहीत खर्चाच्या बाजूला न पडता जमेच्या बाजूला लिहिली जाते.