केसपेपर कोणत्या खात्याचा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. दवाखान्याच्या पायरीपुढे मात्र शहाण्याचेही काही चालत नाही. ती चढावीच लागते, आणि उतरताना हातात एक कागद असतो. त्यावरचे औषधाचे नाव आपण निदान दुकानदाराकडून वाचून घेतो. पैशाचा रकाना मात्र न वाचताच खिशात घालतो. प्रस्तुत लेख त्या रकान्याविषयी आहे. त्यातही रुग्णालयात दाखल न होता, तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परतणाऱ्या, म्हणजे बाह्यरुग्णाच्या रकान्याविषयी.

महाराष्ट्रात हा नियम २०२३ साली बदलला. ३ ऑगस्टला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार सर्वांना निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसेसुद्धा गेले. तोपर्यंत केसपेपर, एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त-लघवीची तपासणी यांना थोडेथोडे शुल्क असे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफी असे, पण ती मिळवण्यासाठी कार्ड दाखवावे लागे. नव्या नियमाने ती गरज संपवली आणि माझ्या मते हीच त्यातली मोठी गोष्ट. रांगेत चारचौघांसमोर पिवळे कार्ड उघडताना माणसाची मान कशी खाली जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे पटेल. या निर्णयाखाली २,४१८ संस्था येतात आणि त्यांत वर्षाला सुमारे २ कोटी ५५ लाख लोक उपचार घेतात, असे त्या वेळी शासनाने सांगितले होते.

येथपर्यंत सारे सरळ आहे. घोटाळा होतो तो ‘सरकारी दवाखाना’ या शब्दाने. आपण तो शब्द सरसकट वापरतो. शासन मात्र तसे करीत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही आरोग्य विभागाची. पुण्याचे ससून, मुंबईचे जे. जे., छत्रपती संभाजीनगरची घाटी ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये. त्यांचे खाते वेगळे, वैद्यकीय शिक्षणाचे. मुंबईची के. ई. एम. आणि सायन ही तर महानगरपालिकेची. २०२३ चा निर्णय फक्त पहिल्या गटापुरता होता.

परिणामी काय होते पाहा. खेड्यातला रुग्ण उपजिल्हा रुग्णालयात जातो, एक पैसाही लागत नाही. डॉक्टर पुढच्या तपासणीसाठी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तेथे खिडकीवर पैसे मागितले की त्याला वाटते, कारकून खातो आहे! वस्तुतः कारकून छापील पावती फाडून देत असेल तर तो बिचारा आपल्या खात्याचा दर घेत असतो. पावती न देता मागत असेल तर गोष्ट वेगळी. गेल्या काही वर्षांत अनेक जिल्ह्यांत नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली आणि जुनी जिल्हा रुग्णालये त्यांना जोडली गेली, त्यामुळे गोंधळात भरच पडली. इमारत तीच, लोकांच्या तोंडी नाव तेच ‘सिव्हिल’, पण खाते बदललेले. म्हणून केसपेपर हाती आला की आकड्याच्या आधी त्याच्या माथ्यावरची छापील ओळ वाचावी. खाते तेथे कळते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे नाव येथे हमखास निघते. ती योजना चांगली आहे, पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. पण ती मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्या माणसाला तिचे कार्ड दाखवून उपयोग नाही.

निःशुल्क उपचाराला एक कायदेशीर बाजूही आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात असे ठरवले की, जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तेथील सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने त्यात फरक पडत नाही. जेथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना माफी देतात, तेथे मात्र मोफतवालाही ग्राहक ठरतो. हा तर्क पुढे नेला तर, २०२३ पूर्वी माफीच्या कार्डावर तपासून घेणाऱ्या गरिबाला ग्राहक न्यायालयाचा जो दरवाजा उघडा होता, तो रकान्यात सर्वांसाठी शून्य आल्यावर मिटतो. दिवाणी न्यायालय उरतेच, परंतु तेथील खर्च आणि वेळ कोणाला परवडतो?

खासगी दवाखान्याचे बिल त्या मानाने थोडक्यात आटोपते. डॉक्टरच्या तपासणीच्या फीवर जीएसटी नाही; फीच्या खाली कराची ओळ दिसली तर ती का, हे विचारावे. (निव्वळ सौंदर्यासाठीचे उपचार याला अपवाद.) बाह्यरुग्णाने विकत घेतलेल्या औषधांवर मात्र कर असतो, तो छापील किमतीतच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. फी उपचारापूर्वी सांगावी, मागाहून नव्हे, असे वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता सांगते. नर्सिंग होमसाठी महाराष्ट्राचे २०२१ चे नियम आहेत: दरपत्रक लावलेले हवे, आणि तेथल्याच दुकानातून औषध घेण्याची सक्ती करता येत नाही.

राहिला विमा. साध्या आरोग्य विम्यात बाह्यरुग्णाचा खर्च सहसा मिळत नाही. काही ठरावीक उपचार सोडले तर २४ तास दाखल व्हावे लागते. परंतु पुढे त्याच आजारासाठी दाखल व्हावे लागले, तर त्याआधीच्या काही दिवसांतला, बहुधा ३० दिवसांतला, तपासणी-औषधांचा खर्च अनेक पॉलिसींत मागता येतो. तो मागताना कच्ची चिठ्ठी चालत नाही. रुग्णाचे नाव, तारीख, बिलाचा क्रमांक असलेली पक्की पावती लागते, आणि तिच्यासोबत डॉक्टरची चिठ्ठी. आपल्याकडे ही चिठ्ठी औषध संपले की पुडी बांधायला जाते.