हिरव्या चहाची मात्रा

फेसवॉश, रात्रीचं क्रीम, डोळ्यांखाली लावायचं जेल, सनस्क्रीन, शांपू. औषधाच्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या कप्प्याकडे पाहिलं, की हिरव्या चहाचं पान छापलेली एखादी तरी डबी हमखास दिसते. त्याच दुकानात वजन घटवण्यासाठी म्हणून हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्याही मिळतात आणि वाण्याकडे टी-बॅगांची खोकी. तिन्हींवर एकच शब्द ठळक छापलेला असतो: अँटिऑक्सिडंट. पण शरीरात पोहोचण्याचा तिन्हींचा मार्ग वेगळा आहे, त्यांची मात्रा वेगळी आहे आणि त्यामुळे परिणामही वेगळे आहेत. हा फरक न समजल्यामुळे लोकांचे पैसे वाया जातात आणि काहींची प्रकृतीही बिघडते.

काळा चहा, ऊलाँग आणि हिरवा चहा हे तिन्ही कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाचे. तोडणीनंतरच्या काही तासांत त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पान चुरगळलं की त्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्यानं पानातल्या कॅटेचिन नावाच्या द्रव्यांवर काम करू लागतं. चिरलेलं वांगं पाण्यात न टाकता ठेवलं तर काळं पडतं, तेही याच जातीच्या एन्झाइममुळे. काळा चहा करताना हे मुद्दाम घडू देतात. कॅटेचिनांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात आणि आपल्या चहाला लालसर रंग नि कडकपणा येतो. हिरव्या चहात हे घडण्याआधीच थांबवतात. जपानमध्ये पानं वाफवतात, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी तापलेल्या कढईत परततात. उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं आणि बहुतेक कॅटेचिनं टिकून राहतात. कॅटेचिन काही फक्त चहात असतं असंही नाही. खैराच्या लाकडापासून काढलेल्या कातातही ते भरपूर असतं, आणि विडा खाताना जाणवणारा तुरटपणा बराचसा अशाच द्रव्यांचा असतो.

चहातली ही द्रव्यं वेगळी करून दाखवण्याचं मोठं श्रेय मिचियो त्सुजिमुरा या जपानी रसायनशास्त्रज्ञ बाईंना जातं. त्यांचा जन्म 1888 चा. होक्काइडोच्या विद्यापीठात तेव्हा मुलींना विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी तिथल्या प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून काम स्वीकारलं. पुढे त्या टोकियोला गेल्या, तर 1923 च्या भूकंपात तिथली प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. मग रिकेन या संशोधन संस्थेत उमेतारो सुझुकी यांच्या हाताखाली त्यांनी चहावर काम सुरू केलं. 1924 मध्ये सेइतारो मिउरा यांच्याबरोबर त्यांनी हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं. 1929 मध्ये चहातून कॅटेचिन वेगळं काढलं आणि पुढच्याच वर्षी टॅनिनही स्फटिकरूपात मिळवलं. 1932 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. कृषिशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या जपानमधल्या पहिल्या स्त्री. आज जगभर 'कॅटेचिनयुक्त' म्हणून जे विकलं जातं, त्या सगळ्याच्या मुळाशी असलेलं हे नाव आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही, याची खंत वाटते.

चहातल्या प्रमुख कॅटेचिनांपैकी एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, म्हणजे ईजीसीजी, सर्वाधिक प्रमाणात असतं आणि बहुतेक संशोधन त्याच्याभोवतीच फिरतं. त्वचेच्या संदर्भात ते का महत्त्वाचं, हे कळायला उन्हापासून सुरुवात करावी लागते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरणं त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएवर थेट आघात करतात. यूव्हीए किरणं अधिक खोल जातात आणि तिथे ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रेणू, मुक्त मूलकं तयार करतात. या रेणूंमुळे पेशींमधली संदेशयंत्रणा बिघडते, कोलॅजेन तोडणारी एन्झाइमं वाढतात, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हानं सुरकुत्या, डाग आणि सैलपणा येतो. ईजीसीजीच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट भरपूर असल्यामुळे ते आपल्याकडचा हायड्रोजन देऊन मुक्त मूलकांना शांत करतं. शिवाय पेशींमधल्या दाह निर्माण करणाऱ्या काही संदेशांनाही आवर घालतं.

हे परीक्षानळीपुरतं राहिलं नाही. क्रेग एल्मेट्स, संतोष कटियार, हसन मुख्तार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांच्या त्वचेवर आधी हिरव्या चहातल्या पॉलिफिनॉलांचं द्रावण लावलं आणि मग अतिनील किरणांचा मारा केला. द्रावण लावलेल्या जागी लाली कमी आली, उन्हानं मरणाऱ्या पेशी कमी आढळल्या आणि डीएनएची हानीही घटली. ही द्रव्यं सनस्क्रीनसारखी किरणं अडवत नाहीत, किरणांमुळे होणारं पुढचं नुकसान कमी करतात. म्हणून सनस्क्रीनच्या जोडीला त्यांना अर्थ आहे, सनस्क्रीनऐवजी मुळीच नाही.

त्याहून भक्कम पुरावा एका वेगळ्याच आजारात मिळाला. ऑक्टोबर 2006 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, हिरव्या चहाच्या पानांपासून काढलेल्या कॅटेचिनांच्या 15 टक्के मलमाला मान्यता दिली. ते जननेंद्रियांजवळच्या चामखिळींसाठी आहे. वनस्पतीच्या अनेक घटकांचं मिश्रण असलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध म्हणून एफडीएच्या आधुनिक नियमांखाली मान्य झालेलं हे पहिलंच. दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त 16 आठवडे लावल्यावर निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांच्या चामखिळी पूर्ण गेल्या. ज्यांना औषध नसलेलं नुसतं मलम दिलं, त्यांच्यात हे प्रमाण साधारण एक तृतीयांश होतं. म्हणजे फायदा खरा आहे. मात्र लावलेल्या जागी लाली, खाज, आग हे त्रासही बहुसंख्यांना झाले. 15 टक्के, ठरलेलं मिश्रण, ठरलेला काळ, ठरलेला आजार: एवढं सगळं बांधून घेतल्यावर चहाचं पान औषध झालं.

मग तारुण्य टिकवण्याचं काय? इथे चाचण्यांचे निकाल वाचले की उत्साह ओसरतो. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 40 महिलांपैकी काहींना आठ आठवडे 10 टक्के अर्काचं क्रीम आणि सोबत गोळ्या दिल्या, बाकीच्यांना हुबेहूब पण निष्क्रिय क्रीम आणि गोळ्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या लवचीक तंतूंमध्ये सुधारणा दिसली, पण चेहऱ्याकडे पाहून डॉक्टरांना दोन गटांत फरक सांगता आला नाही. 2009 मधला दुसरा अभ्यास दोन वर्षं चालला. त्यात रोज 500 मिलिग्रॅम पॉलिफिनॉल पोटातून घेऊनही उन्हानं म्हातारी झालेली त्वचा निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. उन्हाच्या लालीबाबत निकाल परस्परविरोधी आहेत. 2011 च्या जर्मन अभ्यासात रोज सुमारे 1,400 मिलिग्रॅम कॅटेचिन असलेलं पेय 12 आठवडे घेतलेल्या महिलांमध्ये लाली 25 टक्क्यांनी कमी आढळली. 2015 च्या ब्रिटिश अभ्यासात 1,080 मिलिग्रॅम कॅटेचिन आणि क जीवनसत्त्व तेवढेच दिवस देऊनही लक्षणीय फरक पडला नाही. मुरमांच्या बाबतीत चित्र जरा आशादायक आहे. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 2013 मध्ये 1 आणि 5 टक्के ईजीसीजी आठ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला लावून पाहिलं, तेव्हा मुरूम कमी झाले. पण तो अभ्यास लहान होता.

प्रयोगशाळेत इतकं गुणी असलेलं द्रव्य डबीत शिरलं की दुबळं का होतं, याची कारणं रसायनशास्त्रात आहेत. ईजीसीजी पाण्यात विरघळणारं, आणि त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर स्निग्ध. त्यातून ते सहजासहजी आत जात नाही. त्यात ते अस्थिरही आहे. आम्लधर्मी द्रावणात टिकतं, पण आम्लता कमी झाली की हवेनं ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी पडतं. म्हणजे ज्या गुणासाठी ते डबीत घातलं, तो गुण डबीतच खर्च होतो. विकत घेताना घटकांची यादी वाचावी. ती साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते. 'कॅमेलिया सायनेन्सिस लीफ एक्स्ट्रॅक्ट' हे नाव यादीच्या तळाशी, सुगंधद्रव्याच्या शेजारी असेल, तर त्याचं प्रमाण बहुधा एक टक्क्याच्याही खाली आहे. चेहऱ्यावर घरच्या घरी चहाच्या पाण्यात लिंबू पिळून लावणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: लिंबू नका घालू. लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग मागे राहतात.

गोळ्यांचा विषय मात्र गंभीर आहे. हिरव्या चहाचा दाट अर्क असलेलं वजन घटवण्याचं एक उत्पादन 2003 मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये यकृताच्या तक्रारींमुळे बाजारातून काढावं लागलं. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये 1,075 महिलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज सुमारे 843 मिलिग्रॅम ईजीसीजी वर्षभर दिलं. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी 0.7 टक्के महिलांमध्ये यकृताचं एक एन्झाइम रक्तात ठळकपणे वाढलं, तर अर्क घेणाऱ्यांपैकी 5.1 टक्के महिलांमध्ये. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा होण्याची लक्षणं दिसतात. 2022 मध्ये युरोपीय संघानं त्यावर कायदेशीर मर्यादाही घातली. काही व्यक्तींमध्ये एका विशिष्ट जनुकीय प्रकारामुळे हा धोका वाढतो, आणि तो प्रकार आपल्यात आहे की नाही हे गोळी घेणाऱ्याला ठाऊक नसतं. अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं, ही समजूत याआधीही महागात पडली आहे. फिनलंडमधल्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा तो 18 टक्क्यांनी वाढलेला होता.

कपातला चहा मात्र या भीतीपासून दूर आहे. एका कपातून साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम ईजीसीजी मिळतं, त्यातलं अगदी थोडंच रक्तात पोहोचतं आणि काही तासांत निघून जातं. यकृताला त्याचा त्रास होत नाही. त्याचबरोबर एवढ्याशा मात्रेनं चेहरा उजळेल ही आशाही धरता येत नाही. हृदयाबाबत मात्र जपानमधून चांगला संकेत आहे. मियागी प्रांतातल्या 40,530 जणांचा 11 वर्षं पाठपुरावा करून 2006 मध्ये निष्कर्ष मांडले गेले. दिवसाला पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये, एक कपाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण पुरुषांत 12 टक्के आणि स्त्रियांत 23 टक्के कमी होतं. हा फरक मुख्यतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे होता, कर्करोगात तसा संबंध दिसला नाही. अर्थात हे निरीक्षण आहे. इतका चहा पिणाऱ्यांच्या आहारात आणि राहणीतही वेगळेपण असू शकतं.

आपल्याकडे एक गोष्ट जपानपेक्षा जास्त जपायला हवी. चहातली पॉलिफिनॉलं डाळी, पालेभाज्या, बाजरी-नाचणीतल्या लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा घरात जेवणाला लागून 'आरोग्यासाठी' म्हणून घेतलेला हिरवा चहा उलटंच काम करतो. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचं अंतर ठेवलं तर हा तोटा बराच कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही चहाबरोबर घेऊ नयेत.

चव आवडत असेल तर हिरवा चहा जरूर प्या, 70 ते 80 अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं मुरवून, म्हणजे तो कडू होणार नाही. उन्हात जाताना सनस्क्रीन, छत्री, पूर्ण बाह्या यांच्यावरच भिस्त ठेवा. आणि घरात कुणी हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या घेत असेल, तर रिकाम्या पोटी घेऊ देऊ नका आणि डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून सांगा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले किंवा भूक गेली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्या.