गेम अडकतो, दोष कुणाचा?

मगरिबची नमाज झाली की आमच्या घरात रोज एकच तक्रार सुरू व्हायची. "अब्बा, आपाला सांगा ना मोबाईल बंद करायला! माझा गेम अडकतोय." अकरावीतला मुलगा आतल्या खोलीतून ओरडायचा आणि बाहेर नीटची तयारी करणारी त्याची थोरली बहीण व्हिडिओ थांबवून आमच्याकडे बघत राहायची.

मुलांनी गेम खेळावा की नाही, हा आजचा विषय नाही. अभ्यास आणि नमाज सांभाळून एक तास, अशी आमच्याकडे मुभा आहे. पण त्या एका तासावरून भावंडांत अबोला धरण्यापर्यंत पाळी आली. आम्ही काय केले? मगरिब ते इशा आपाने व्हिडिओ लावायचे नाहीत, असा हुकूम काढला. तिने तो निमूटपणे पाळला. आठवडा झाल्यावर एवढेच म्हणाली, "अम्मी, आठ दिवस माझं नेट बंद आहे. त्याचा गेम तरी अडकतोच ना?"

आम्ही चपापलो. वर्गात दोन मुलांचे भांडण आले तर आपण दोघांचेही ऐकून घेतो. घरात मात्र एकाच्या सांगण्यावरून निकाल देऊन मोकळे झालो होतो. कानावर आलेल्या खबरीची आधी शहानिशा करा, ही ताकीद तर सूरह हुजुरातमध्येच आहे. मग ठरवले, आता मोजूनच बघायचे.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागली. नेटचा स्पीड वेगळा आणि लॅग वेगळा. लॅग म्हणजे हाक मारल्यावर 'ओ' यायला लागणारा वेळ. व्हिडिओ पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, म्हणून थोडी दिरंगाई जाणवत नाही. गेममध्ये समोरचा खेळाडू पुढच्या क्षणी काय करणार, हे साठवून ठेवता येत नाही. म्हणून जास्त स्पीडचा महागडा प्लॅन घेतला तरी लॅग जाईलच असे नाही.

हा वेळ मोजायची सोय विंडोजमध्येच असते. स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहिले की काळी खिडकी उघडते. तिथे 'आयपीकॉन्फिग' लिहिल्यावर 'डिफॉल्ट गेटवे'समोर आपल्या राउटरचा पत्ता दिसतो. आमचा १९२.१६८.१.१ होता. मग 'पिंग', पुढे तो पत्ता आणि शेवटी '-टी' लिहायचे. हे सारे अर्थात इंग्रजी अक्षरे-आकड्यांत. संगणक राउटरला हाका मारत राहतो आणि प्रत्येक 'ओ'ला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. थांबवायला कंट्रोल आणि सी एकत्र दाबायचे.

इशानंतर घरातले सगळे मोबाईल आणि टीव्ही बंद केले आणि मुलालाच वही घेऊन बसवले. आकडे येऊ लागले. २, ३, २, ४... आणि मध्येच १९०, २६०. दोनदा तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे 'ओ' आलीच नाही. घरात दुसरे कुणीही नेट वापरत नव्हते. मुलाने वहीतून मान वर केली नाही. दोष आपाचा नव्हता. नेट देणाऱ्या कंपनीचाही नव्हता, कारण ही हाक घराबाहेर जातच नाही. बिघाड राउटर आणि संगणक यांच्यामध्ये, आमच्याच दोन खोल्यांत होता.

मग प्रयोगशाळेतला नियम लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचे.

राउटर टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे कोंबलेला होता. तो काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवला. थोडा फरक पडला. मधल्या भिंतीला लागून लोखंडी कपाट होते. लोखंड लहरी अडवते, म्हणून ते बाजूला सरकवले. आणखी थोडा फरक.

खरे कारण संगणकाच्या मागे निघाले. वायफायचा छोटा डोंगल तिथे लावलेला होता आणि त्याला अगदी चिकटून निळ्या यूएसबी पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क. हा निळा पोर्ट यूएसबी ३ चा. त्याच्या कामातून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायमध्ये अडथळा आणू शकतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच प्रसिद्ध केले आहे. गेम त्याच डिस्कवर ठेवलेला होता. म्हणजे खेळ सुरू झाला की गोंगाटही सुरू! डोंगल यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर, डिस्कपासून लांब आणला आणि मोठे आकडे जवळपास गेलेच.

आपल्या घरी कारण वेगळे असू शकेल. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही याच २.४ च्या पट्ट्यात असतात. राउटर आणि संगणक दोन्हीकडे ५ गिगाहर्ट्‌झची सोय असेल तर ते वापरून पाहावे. त्यात गर्दी कमी असते, पण जाड भिंतीपलीकडे ते लवकर क्षीण होते. राउटरचे आकडे स्थिर असूनही गेम अडकत असेल तर ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करावे. तिथे आकडे उसळत असतील तर बिघाड पुढे आहे. कुणाच्या मोबाईलमधले फोटो आपोआप वर चढत आहेत का, संगणकाचे अपडेट उतरत आहे का, ते पाहावे. तसे काही नसेल तर मग कंपनीला फोन करावा आणि वहीतले आकडे सांगावेत. सगळ्यांत खात्रीचा उपाय जुनाच आहे: राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची केबल. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागतही नाही. पुढच्या महिन्यात आम्ही तीच टाकून घेतली.

त्या रात्री मुलगा स्वतःहून बहिणीकडे गेला. आम्हीही तिची माफी मागितली. आईबापांनी लेकरांची माफी मागितल्याने मान कमी होत नाही. नाहक केलेली सक्ती मात्र त्यांच्या मनात राहते. आठ दिवसांचे तिचे धडे मागे पडले होते.

"भरून काढीन मी," ती म्हणाली. "पण वही पहिल्याच दिवशी काढायला हवी होती ना, अब्बा?"