सवय होईल

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात माझ्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला एक कागद आहे. नंबर काढून होईपर्यंत बसलेलं गिऱ्हाईक तो वाचत बसतं. मागे पुण्याहून सुटीला आलेल्या एका मुलानं तो नीट वाचला आणि विचारलं, "काका, हा तर गुमास्ता आहे. ऑप्टिशियनचं लायसन कुठाय?"

मी म्हटलं, "बाजूच्या किराणा दुकानातही हाच कागद आहे. त्याला नाही विचारलंस?"

तो हसला. मीही हसलो, पण खरी गोष्ट तीच आहे. चष्म्याचं दुकान टाकायचं तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद करावी लागते, तोच गुमास्ता. २०१७ च्या कायद्यानं तेही सोपं केलं. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाइन सूचना दिली की झालं. गल्ल्यावर बसणाऱ्याला काचेतलं किती कळतं, हे त्यात कुणी विचारत नाही. चष्मेवाल्याची परीक्षा घेऊन त्याला परवाना देणारं मंडळ आपल्या देशात नाही. इंग्लंडात १९५८ च्या कायद्यानं तसं मंडळ झालं आणि चष्मा बसवून देणाऱ्यालाही तिथं ऑप्टिशियन म्हणवून घ्यायचं तर नाव नोंदवावं लागतं. जर्मनीत तीन वर्षं उमेदवारी करावी लागते. अमेरिकेत काही राज्यांत लायसन लागतं, बाकीच्यांत आपल्यासारखंच.

लोक तीन माणसांची गल्लत करतात, म्हणून आधी ते सांगतो. डोळ्याला औषध देतो, ऑपरेशन करतो तो नेत्रतज्ज्ञ. तो एमबीबीएस होऊन वर आणखी शिकलेला डॉक्टर. डोळा तपासून नंबर काढतो आणि काही वेगळं दिसलं तर नेत्रतज्ज्ञाकडं धाडतो तो ऑप्टोमेट्रिस्ट. त्यांनी लिहिलेला नंबर काचेत उतरवून तुमच्या नाकावर बसवून देतो तो ऑप्टिशियन, म्हणजे खरं तर मी. पण आमच्या भागात तालुक्याच्या गावी चष्मेवालाच नंबरही काढतो आणि गिऱ्हाईक त्याला "डॉक्टरसाहेब" म्हणतं. सुरुवातीला मी ते खुशाल ऐकून घ्यायचो.

मी शिकलो नागपुरात, सीताबर्डीच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत. साल १९९६. बारावीला गणितात गचकलो होतो. गोंदिया जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही भंडाऱ्याचे. पहिले काही महिने काचेचा भुगा झाडण्यात गेले. मग उस्तादांनी हातात एक काच दिली आणि म्हणाले, "नंबर सांग." यंत्र द्यायचे नाहीत. काच डोळ्यासमोर धरून डावीउजवीकडं हलवायची आणि पलीकडची खिडकी बघायची. खिडकी काचेबरोबर हलली तर मायनस, उलट्या बाजूला सरकली तर प्लस. मग काच जागच्या जागी फिरवायची. खिडकीची उभी कड कात्रीसारखी तिरपी झाली तर सिलिंडर आहे, म्हणजे काचेचा नंबर सगळ्या दिशांना सारखा नाही. घरातल्या कुठल्याही चष्म्यावर हे करून बघा.

कच्ची काच फर्म्याप्रमाणं कापायची, कड चिमट्यानं तोडायची, पाणी सोडत दगडावर घासायची. बोटं कायम चिरलेली. आता ते काम मशीन करते आणि बहुतेक काचा प्लास्टिकच्या असतात, तरी लोक म्हणतात "काच"च. मशीननं एक गोष्ट मात्र अजून माणसावर सोडली आहे, आणि तिथंच मी फसलो.

गावी परत येऊन मी दुकान टाकलं तेव्हाची गोष्ट. दहावीतली एक मुलगी आली, दोन्ही डोळ्यांना मायनस सहा. नंबर बरोबर होता, गोंदियाच्या डॉक्टरांनी लिहिलेला. फ्रेम तिनं मोठी निवडली, तेव्हा फॅशन तशी होती. मी काचा घासल्या, बसवल्या, पैसे घेतले. चार दिवसांनी आई घेऊन आली, "पोरीचं डोकं दुखते." मी म्हटलं, "नवीन चष्मा आहे, सवय होईल." पंधरा दिवसांनी पुन्हा आली. मी पुन्हा तेच सांगितलं.

पुढं त्यांच्या शाळेत डोळे तपासणी झाली. सरकारी दवाखान्यातून आलेल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी तिचा चष्मा हातात घेतला, दोन्ही काचांवर पेनानं एकेक टिंब दिलं, पट्टीनं मोजलं आणि मला द्यायला एका चिठ्ठीवर दोनच आकडे लिहिले: ६८, ६०.

त्याचा अर्थ असा. प्रत्येक काचेत एक मधला बिंदू असतो, तो बुबुळाच्या बरोबर समोर यावा लागतो. दोन बुबुळांतल्या अंतराला आम्ही पीडी म्हणतो. मुलीचा पीडी होता ६० मिलिमीटर. मी न मोजता फ्रेमच्या मापानं ६८ वर काचा बसवल्या होत्या. एकेका डोळ्याला ४ मिलिमीटर चूक. बिंदूपासून बाजूला पाहिलं की काच प्रिझमसारखी वागते. किती, त्याचा हिशोब साधा आहे: चुकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये, गुणिले नंबर. ०.४ गुणिले ६, म्हणजे २.४. एवढं प्रिझम प्रत्येक डोळ्यापुढं बांधून ती पोरगी अभ्यास करत होती. नंबर अर्धा असता तर कदाचित निभावलं असतं. जाड काचेत मिलिमीटरही महाग पडतो.

मी फुकट चष्मा करून दिला. तो घेतला त्यांनी, पण नंतर त्या घरातलं कुणी माझी पायरी चढलं नाही. बरोबरच केलं.

पीडी मोजायला मिनिटसुद्धा लागत नाही. समोरासमोर बसायचं, नाकावर पट्टी धरायची. गिऱ्हाइकानं आधी माझ्या डाव्या डोळ्यात बघायचं, मी त्याच्या उजव्या बुबुळावर शून्य लावायचा. मग त्यानं माझ्या उजव्या डोळ्यात बघायचं, मी आकडा वाचायचा. तुमच्या चष्मेवाल्यानं हे केलं नाही तर करायला लावा. आणि "सवय होईल" म्हणाला तर कशाची, ते विचारा. सवय खरंच होते काही गोष्टींची. पहिल्यांदा सिलिंडर लागला की जमीन तिरपी दिसते, लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेला पहिला प्रोग्रेसिव्ह घातला की जिन्याची पायरी हलते. आठ-पंधरा दिवसांत मेंदू जुळवून घेतो. पण माप चुकलं असेल तर त्याची कसली सवय?

नंबर काढायच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यालाही असंच माप असतं. तो १८६२ साली स्नेलन नावाच्या डच डॉक्टरनं तयार केला. तो ६ मीटरवरून वाचायचा; ६/६ च्या ओळीतलं अक्षर पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. माझं दुकान ६ मीटर लांब नाही, म्हणून मी आरसा लावून अंतर दुप्पट करतो. जवळचा तक्ता मात्र आमच्याकडं पुष्कळदा कामाचा नसतो. साठीतल्या कितीतरी बायांना अक्षर येत नाही, आणि आलं तरी त्यांना वाचायचं नसतंच. त्यांना तांदळातले खडे निवडायचे असतात. म्हणून मी काउंटरखाली एक ताटली ठेवतो. तिच्यात तांदूळ, थोडी कनकी, दहाबारा खडे.

ताटलीनं मला एक गोष्ट शिकवली. पुस्तक आपण ४० सेंटिमीटरवर धरतो, त्या हिशोबानं म्हातारपणी जवळचा नंबर अडीच येतो. मांडीवरचं सूप जास्त लांब असतं, ५५ तरी. तिथं अडीच नंबरनं सगळं धूसर. तिथं पावणेदोन हवा. पुस्तकाच्या नंबरचा चष्मा दिला की बाई घरी जाऊन तो खुंटीला टांगते आणि म्हणते, चष्मेवाल्यानं लुटलं.

नंबर देऊ नये अशीही वेळ असते. कुणाचा नंबर दोनतीन महिन्यांत उगाच पालटला तर मी आधी शुगर तपासायला सांगतो. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. साखर ताळ्यावर आल्याशिवाय केलेला चष्मा वाया जातो. म्हाताऱ्या माणसाला अचानक चष्म्याशिवाय जवळचं दिसायला लागलं तर घरचे खूश होतात. मला मोतीबिंदूची शंका येते.

आणि दिवाळीच्या सुमाराला, धान कापणी-मळणीच्या दिवसांत, डोळा लाल घेऊन माणसं येतात. "लोंबी लागली जी, एखादी ड्रॉप द्या." धानाचं पातं किंवा लोंबी बुबुळाला लागली की त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरू शकते. तशात कुणी स्टेरॉइडचे थेंब दिले तर दोन दिवस लाली ओसरते आणि बुरशी आत पसरत जाते. मग डोळ्यात कायमचं फूल पडतं. मी थेंब ठेवतच नाही. सरळ सांगतो, आजच्या आज गोंदियाला केटीएस रुग्णालयात जा. काही रागावतात. मजुरी बुडते, हे मलाही कळतं.

आता चित्र पालटतं आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्र सहाय्यक आणि व्हिजन टेक्निशियन यांना नोंदणीखाली आणलं. पदवीला किमान ३६०० तासांचं शिक्षण हवं, असं त्यात म्हटलं आहे. बी. ऑप्टोम.ला चार वर्षं लागतात, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. नुसता चष्मा बसवून देणारा त्या यादीत नाही. म्हणून माझ्याकडं संध्याकाळी कामाला येणाऱ्या पोराला मी सांगितलं, बारावी सायन्स आहेस, फॉर्म भर. माझ्या वाटेनं येऊ नको. त्यानं भरला आहे.

गेल्या आठवड्यात सालेकसाकडची एक आजी आली. पोरानं तपासलं, पीडी मोजला, माझ्याकडं न बघता पुन्हा मोजला. मग जवळचा अडीच घालून ताटली पुढं केली. आजीनं ताटली उचलली आणि मांडीवर घेतली. पोरगं थांबलं. ट्रायल बॉक्समधून त्यानं पावणेदोनची काच काढून बदलली. आजीनं बराच वेळ तांदूळ चाळले, खडे एका बाजूला केले. एक राहिला म्हणून त्यानं बोट दाखवलं, तसा तिनं तो दाणा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

"खडा नोहोय बाबू हा. धान होय."